वाट चुकलेला वाटाड्या

प्रस्तावना

आपल्याला आवडलेल्या एखाद्या कादंबरीवर चित्रपट निघाला, की आपण तो उत्सुकतेने पाहायला जातो. परतताना पुष्कळदा आपल्या तोंडी एकच वाक्य असते, 'पुस्तकात होते ते यात नाही.' ही तक्रार बरोबर असते का? पुस्तकात होते ते सगळे पडद्यावर यायलाच हवे का? आणि चित्रपट फसतो तेव्हा नेमके काय बिघडलेले असते?

या प्रश्नांचा विचार करण्यासाठी आपण एका प्रसिद्ध उदाहरणाचा अभ्यास करणार आहोत. आर. के. नारायण यांच्या 'द गाईड' या इंग्रजी कादंबरीवर १९६५ मध्ये दोन चित्रपट पडद्यावर आले, एक इंग्रजी आणि एक हिंदी. नायक तोच, नायिका तीच, निर्माताही तोच. तरीही इंग्रजी चित्रपट साफ कोसळला आणि हिंदी 'गाईड' लोक आजही आवर्जून पाहतात. या दोन चित्रपटांच्या पडद्यामागे काय घडले, याची हकिकत प्रस्तुत पाठात सांगितली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :
- साहित्यकृती आणि तिचे चित्रपट-रूपांतर यांतील फरक सांगता येईल.
- इंग्रजी 'गाईड' चित्रपटाच्या अपयशाची कारणे स्पष्ट करता येतील.
- एकाच घटनेकडे लेखकाच्या आणि निर्मात्याच्या दृष्टीने पाहता येईल.
- स्वतः पाहिलेल्या एखाद्या चित्रपटाविषयी सकारण मत मांडता येईल.

मूळ पाठ

१. कोरडी कावेरी आणि एक कथाबीज

रासीपुरम कृष्णस्वामी नारायण यांचा जन्म १९०६ मध्ये मद्रास येथे झाला. त्यांचे वडील म्हैसूर येथे मुख्याध्यापक होते. नारायण यांचे महाविद्यालयीन शिक्षण म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात झाले आणि पुढचे बहुतेक आयुष्यही याच शहरात गेले. (२०१४ पासून या शहराचे अधिकृत नाव 'मैसूरु' असे झाले आहे.) 'टाइम्स ऑफ इंडिया'तील 'कॉमन मॅन' घराघरांत पोहोचवणारे व्यंग्यचित्रकार आर. के. लक्ष्मण हे त्यांचे धाकटे बंधू.

नारायण यांनी 'मालगुडी' नावाचे एक गाव निर्माण केले. हे गाव कोणत्याही नकाशावर नाही. १९३० मध्ये, आजीने पाहून दिलेल्या शुभ दिवशी, ते नवी वही घेऊन लिहायला बसले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर प्रथम उभे राहिले ते एक छोटेसे रेल्वे स्थानक. त्या स्थानकाभोवती पुढे बाजार, शाळा, सरयू नदी आणि डोंगर असे सगळे गाव वसत गेले. दक्षिणेतील लहान शहराची हवा, तिथली बोलण्याची लकब, तिथला संथपणा यांवरच मालगुडीचा डोलारा उभा आहे.

'द गाईड'चे कथाबीजही म्हैसूरच्याच मातीतले आहे. एका वर्षी म्हैसूर परिसरात भीषण दुष्काळ पडला. कृष्णराजसागर हा विस्तीर्ण जलाशय आटला आणि त्याचा तळ भेगाळून उघडा पडला. अखेरचा उपाय म्हणून नगरपालिकेने पर्जन्यासाठी अनुष्ठान योजले. कावेरीच्या कोरड्या पात्रात मोठ्या खर्चाने पाणी आणून, त्यात गुडघाभर उभे राहून काही ब्राह्मणांनी उपवास केला आणि अकरा दिवस मंत्रपठण केले. बाराव्या दिवशी पाऊस पडला. 'माय डेज' या आत्मचरित्रात नारायण यांनी ही घटना सांगितली आहे. त्यांच्या मनात प्रश्न आला, की असे व्रत श्रद्धा नसलेल्या, केवळ परिस्थितीच्या रेट्याने साधू झालेल्या माणसावर येऊन पडले तर?

या प्रश्नातून राजू जन्माला आला. राजू हा मालगुडी स्थानकावर दुकान चालवणारा आणि पुढे प्रवाशांचा वाटाड्या झालेला तरुण. जुन्या लेण्यांतील चित्रांचा अभ्यास करणारा मार्को आणि त्याची पत्नी रोझी मालगुडीला येतात. रोझी देवदासींच्या घराण्यातली. तिचा जीव नृत्यात आहे आणि नवऱ्याला नृत्याचे नाव नको आहे. राजू तिला नृत्याकडे परत नेतो, तिच्यात गुंततो, तिच्या कीर्तीवर पैसा मिळवतो आणि शेवटी तिची खोटी सही केल्यामुळे तुरुंगात जातो. सुटल्यावर तो नदीकाठच्या एका पडक्या देवळात टेकतो. तेथे वेलन नावाचा खेडूत त्याला साधू समजतो. दुष्काळ पडतो आणि गैरसमजातून पावसासाठी उपवास करण्याची पाळी राजूवर येते. कादंबरीच्या शेवटी त्याला वाटते, की दूर डोंगरात पाऊस सुरू झाला आहे. तो खाली कोसळतो. पाऊस खरोखर आला का, राजू वाचला का, हे लेखक सांगत नाही.

ही कादंबरी नारायण यांनी अमेरिकेतील वास्तव्यात, बर्कले येथे लिहिली. ती १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. इंग्रजी लेखनासाठी दिलेला अकादमीचा तो पहिलाच पुरस्कार होता.

पाठगत प्रश्न १

१. कंसातील योग्य पर्याय निवडून वाक्य पूर्ण करा.
(अ) मालगुडीची कल्पना सुचताना नारायण यांच्या डोळ्यांसमोर प्रथम ______ उभे राहिले. (नदी / रेल्वे स्थानक / शाळा)
(आ) 'द गाईड' ही कादंबरी ______ मध्ये प्रसिद्ध झाली. (१९३० / १९५८ / १९६५)
२. कादंबरीचे कथाबीज नारायण यांना कोणत्या घटनेतून मिळाले?

२. अमेरिकेहून आलेले पत्र

देव आनंद त्या काळी हिंदी चित्रपटसृष्टीतील आघाडीचे नायक होते. थोरले बंधू चेतन आनंद यांच्यासह १९४९ मध्ये त्यांनी 'नवकेतन' ही चित्रसंस्था स्थापन केली होती. १९६२ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात त्यांचा 'हम दोनो' दाखवला गेला. तेथे त्यांची अमेरिकेत काम करणारे दिग्दर्शक टॅड डॅनियलेव्स्की यांच्याशी गाठ पडली. 'द गुड अर्थ' या कादंबरीच्या लेखिका आणि १९३८ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी पर्ल बक या डॅनियलेव्स्की यांच्या सहकारी होत्या. पुढे देव आनंद यांनी 'द गाईड' वाचली आणि हीच आपल्या संयुक्त चित्रपटाची कथा, असे ठरवले. पटकथा पर्ल बक लिहिणार, दिग्दर्शन डॅनियलेव्स्की करणार आणि चित्रपट जगभर जाणार, अशी ती योजना होती.

देव आनंद यांनी अमेरिकेतून नारायण यांना पत्र लिहिले आणि मग ते स्वतः म्हैसूरला येऊन भेटले. या भेटीचे आणि नंतरच्या सगळ्या प्रकाराचे वर्णन नारायण यांनी एका लेखात केले आहे. त्या लेखाचे शीर्षक होते 'मिसगायडेड गाईड', म्हणजे वाट चुकलेला वाटाड्या. भेटीत निर्मात्याने धनादेशपुस्तिका काढली आणि रक्कम विचारली. नारायण यांनी तेव्हा बेताच्या आगाऊ रकमेवर समाधान मानले. पैशापेक्षा त्यांना दुसऱ्या गोष्टीचे अप्रूप होते. आपल्या सल्ल्याने काम चालेल आणि आपली कथा आपल्याच गावात, जशीच्या तशी उभी राहील, असे त्यांना वाटत होते.

इथे आपण क्षणभर थांबू या. सुताराने केलेले दार किंवा विणकराने विणलेले लुगडे विकले, की त्यावरचा हक्क संपतो. पुस्तकाचे तसे नसते. पुस्तक लेखकाचेच राहते आणि त्याच्या रूपांतराचे हक्क तो दुसऱ्याला देतो. पण हे हक्क देताना कोणत्या गोष्टी बदलता येतील आणि कोणत्या नाहीत, हे लिहून घेतलेले नसेल, तर पुढे लेखकाच्या हाती फक्त विनंती उरते. नारायण यांच्यावर नेमकी हीच वेळ आली.

३. कावेरीकाठची पाहणी

चित्रपटाचा चमू म्हैसूरला आला, तेव्हा नारायण स्वतः त्यांचे वाटाडे झाले. त्यांनी पाहुण्यांना कावेरीच्या काठावरचे ते ठिकाण दाखवले, जे डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी कथा लिहिली होती. नदीत उतरणाऱ्या पायऱ्या, लहानसे देऊळ, त्यावर सावली धरणारा वटवृक्ष. उन्हाळ्यात नदी आटते, तेव्हा दुष्काळाची दृश्येही येथेच टिपता आली असती.

मग त्यांनी सर्वांना नंजनगुडला नेले. म्हैसूरहून जवळ असलेले हे गाव कपिला किंवा कबिनी नदीच्या काठी वसले आहे. येथील श्रीकंठेश्वराच्या मंदिरात यात्रेकरूंची सतत वर्दळ असते. वार्षिक यात्रेला आसपासच्या खेड्यांतून हजारो माणसे लोटतात. कादंबरीच्या शेवटच्या भागातील गर्दी हुबेहूब अशीच आहे. यात्रेच्या वेळी छायाचित्रकार पाठवला, तर हे दृश्य एक पैसाही न खर्चता मिळेल, असे नारायण यांनी सुचवले. पुढे सर्व जण दूरच्या रानाडोंगरांतून गोपालस्वामी टेकडीवर गेले. मार्कोची लेणी आणि जंगलातला बंगला यांना साजेसा तो परिसर होता. पाहुणे प्रत्येक ठिकाणी हरखून जात होते, छायाचित्रे काढत होते. नारायण यांना वाटले, आता मालगुडी खरोखर पडद्यावर येणार.

४. मालगुडी उत्तरेला जाते

काही काळाने नारायण यांना मुंबईला चर्चेसाठी बोलावण्यात आले. तेथे त्यांना कळले, की चित्रण राजस्थानात होणार आहे. आपली कथा दक्षिणेतली आहे, मालगुडी दक्षिणेत आहे, असे त्यांनी परोपरीने सांगितले. त्यावर त्यांना मिळालेल्या उत्तराचा आशय असा होता, की मालगुडीची मर्यादा आता आपण वाढवणार आहोत. आपण जिथे ठेवू तिथे मालगुडी असेल. ज्याने ते गाव निर्माण केले, त्यालाच ते गाव कुठे आहे हे सांगण्यात येत होते.

निर्मात्यांचे म्हणणेही समजून घेतले पाहिजे. परदेशी प्रेक्षकाच्या मनात भारत म्हणजे राजवाडे, तलाव, हत्ती, वाघ आणि भडक रंग. रंगीत चित्रपटावर मोठा खर्च होणार होता आणि तो अमेरिकेतून वसूल करायचा होता. कावेरीकाठच्या साध्या देवळापेक्षा उदयपूर आणि चित्तोडगड त्यांना अधिक खपणारे वाटले. व्यवहाराच्या दृष्टीने हा विचार अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही.

परंतु स्थळ बदलले, की त्याबरोबर सगळेच बदलू लागते. दक्षिणेतील छोट्या गावातली माणसे भरजरी पोशाखात दिसू लागतात. रोझीचे भरतनाट्यम तिच्या घराण्यातून, तिच्या अपमानातून आलेले आहे. ते पडद्यावर केवळ डोळे दिपवणारा देखावा होऊन बसते. कादंबरीत कुठेही नसलेला एक प्रसंग, हरणासाठी झुंजणाऱ्या दोन वाघांचा, पटकथेत घालण्यात आला. लेखकाने हरकत घेतली, पण त्याचा उपयोग झाला नाही.

या गडबडीतला एक गमतीदार प्रसंगही नारायण यांनी नोंदवला आहे. लंडनमध्ये चित्रपटाचा भव्य प्रारंभखेळ व्हावा आणि त्याला इंग्लंडच्या राणीने यावे, अशी कल्पना निघाली. त्यासाठी लॉर्ड माउंटबॅटन यांची मुंबईत भेट घेण्यात आली. त्यांनी साहजिकच कथा काय आहे, असे विचारले. पर्ल बक सांगू लागल्या, पण ती कथा काही केल्या पुढे सरकेना. कथेचा सूर कोणता, हे पाहुण्यांना थोडक्यात सांगता आले नाही. पुढे पडद्यावर जे झाले, त्याची ही पूर्वसूचनाच होती.

पाठगत प्रश्न २

१. चूक की बरोबर ते लिहा.
(अ) नंजनगुड हे गाव कावेरी नदीच्या काठी आहे.
(आ) वाघांच्या झुंजीचा प्रसंग मूळ कादंबरीत आहे.
(इ) कावेरीकाठची जागा नारायण यांनी स्वतः चमूला दाखवली.
२. चित्रण राजस्थानात करण्यामागे निर्मात्यांचा कोणता विचार होता?

५. एक संच, दोन दिग्दर्शक

स्थळाचा प्रश्न लेखक आणि निर्माते यांच्यातला होता. दुसरी अडचण निर्मितीच्या आतच होती. इंग्रजी आणि हिंदी हे दोन्ही चित्रपट एकाच वेळी चित्रित करायचे, असा आरंभीचा बेत होता. इंग्रजीचे दिग्दर्शक डॅनियलेव्स्की आणि हिंदीचे चेतन आनंद. तेच नट, तेच नेपथ्य, तोच प्रकाश. एकदा दृश्य इंग्रजीत घ्यायचे आणि लगेच हिंदीत. कागदावर ही योजना काटकसरीची दिसत होती.

प्रत्यक्षात दोन दिग्दर्शकांचे पटेना. कॅमेरा कुठे ठेवायचा, इथपासून मतभेद सुरू झाले. एका संचावर दोन जण सूत्रे हलवू लागले, तर नटाने कोणाचे ऐकायचे? अखेर आधी इंग्रजी चित्रपट पुरा करावा आणि हिंदी नंतर वेगळा करावा, असे ठरले. चेतन आनंद बाजूला झाले आणि 'हकीकत' या आपल्या युद्धपटाकडे वळले. तो १९६४ मध्ये पडद्यावर आला. हिंदी 'गाईड'ची जबाबदारी धाकटे बंधू विजय आनंद यांच्याकडे आली. काटकसरीसाठी आखलेल्या बेतामुळे शेवटी दोनदा चित्रण करावे लागले.

६. दोन निकाल

इंग्रजी 'द गाईड' १९६५ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. समीक्षकांनी त्याला झिडकारले, प्रेक्षकांनी पाठ फिरवली आणि तो लवकरच पडद्यावरून उतरला. ज्या परदेशी प्रेक्षकासाठी मालगुडीचा राजस्थान केला, त्या प्रेक्षकालाच तो भावला नाही.

आता हिंदी चित्रपटापुढे मोठे संकट होते. एक 'गाईड' आधीच पडलेला. त्यात कथेचा नायक दुसऱ्याच्या पत्नीबरोबर राहणारा, पैशाच्या मोहाने खोटी सही करणारा. देव आनंद यांच्या चाहत्यांना हे रुचेल का, ही शंका रास्त होती. विजय आनंद यांनी इंग्रजी पटकथा बाजूला ठेवली आणि हिंदी प्रेक्षकांसाठी नवी पटकथा लिहिली.

त्यांनीही कादंबरीत पुष्कळ बदल केले. कादंबरीतला मार्को पत्नीविषयी केवळ उदासीन आहे. हिंदी चित्रपटात तो तिला फसवतो, त्यामुळे रोझीचे घर सोडणे प्रेक्षकाला पटते. चित्रपटाच्या शेवटी राजूची आई आणि रोझी त्याला भेटायला येतात. कादंबरीत अशी भेट होत नाही. कादंबरीचा शेवट अनिश्चित आहे. चित्रपटात पाऊस कोसळतो आणि राजू प्राण सोडतो. स्थळ तर इथेही राजस्थानच राहिले.

तरीही हा चित्रपट लोकांच्या मनात घर करून राहिला. सचिन देव बर्मन यांचे संगीत, शैलेंद्र यांची गीते, फली मिस्त्री यांचे छायाचित्रण, वहिदा रेहमान यांचे नृत्य आणि राजूच्या आईच्या भूमिकेतील लीला चिटणीस यांचा अभिनय, यांचा त्यात मोठा वाटा आहे. पण खरे कारण याहून खोल आहे. विजय आनंद यांनी कादंबरीतील एक प्रश्न नेमका उचलला. खोटेपणाने साधू झालेला माणूस इतरांच्या श्रद्धेमुळे खरा होऊ शकतो का? चित्रपटाचा सारा उत्तरार्ध या प्रश्नाभोवती फिरतो. भुकेला, भित्रा राजू आणि आतून जागा होणारा राजू यांचा संवाद त्यांनी पडद्यावर उभा केला. उपवास, दुष्काळ, पावसाची वाट पाहणारा गाव हे भारतीय प्रेक्षकाच्या अनुभवातलेच होते. ते त्याला समजावून सांगावे लागले नाही.

हिंदी 'गाईड'ला फिल्मफेअरचे सात पुरस्कार मिळाले. त्यांतील उत्कृष्ट कथेचा पुरस्कार आर. के. नारायण यांचा होता. आपल्या कथेचे काय झाले म्हणून जो लेखक हळहळत होता, त्यालाच चित्रपटाने कथेचे पारितोषिक मिळवून दिले. मात्र नारायण यांची नाराजी गेली नाही. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर 'द गाईड'चे नाट्यरूपांतर आले, तेही मोजक्याच प्रयोगांनंतर बंद पडले.

७. रूपांतर कशाला म्हणावे?

या हकिकतीतून 'मूळ कथेत बदल केले की चित्रपट फसतो' असा निष्कर्ष काढता येत नाही. बदल दोन्ही चित्रपटांत आहेत. कादंबरी शब्दांतून बोलते. राजूच्या मनातली चलबिचल लेखक चार ओळींत सांगू शकतो. चित्रपटाला तीच गोष्ट चेहरा, आवाज, प्रकाश आणि हालचाल यांतून दाखवावी लागते. म्हणून काही गाळणे, काही जोडणे अपरिहार्य असते. पाहायचे असते ते एवढेच, की बदल कोणत्या गरजेतून आला. राजूचा अंतर्गत झगडा संवादातून दाखवणे ही कथेची गरज होती. वाघांची झुंज ही बाजाराची गरज होती.

मराठीतील एक उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. साने गुरुजींचे 'श्यामची आई' हे पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट काढला आणि पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कार सोहळ्यात त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पुस्तकातील सर्व आठवणी चित्रपटात नाहीत. परंतु कोकणातले ते गरीब घर आणि मायलेकांचे नाते जागचे हललेले नाही.

मालगुडीलाही पुढे न्याय मिळाला. १९८६-८७ मध्ये दूरदर्शनवर 'मालगुडी डेज' ही मालिका आली. तिचे दिग्दर्शक शंकर नाग हे कन्नड चित्रपटसृष्टीतले लोकप्रिय कलावंत. त्यांची उमेदवारी मुंबईच्या रंगभूमीवर झाली होती. त्यांनी कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यातील आगुंबे या पावसाळी गावात मालगुडी उभे केले. शीर्षकचित्रे लक्ष्मण यांनी काढली. या मालिकेचे आरंभीचे भागही हिंदी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत तयार झाले होते. म्हणजे दोन भाषांत काम करणे हे काही अपयशाचे मूळ नव्हते. येथे दिग्दर्शक एकच होता आणि मालगुडीची माणसे त्याच्या ओळखीची होती. ज्या अरसाळू स्थानकावर मालिकेचे चित्रण झाले, तेथे आता मालगुडीचे संग्रहालय आहे.

नारायण यांचे २००१ मध्ये निधन झाले. म्हैसूरच्या यादवगिरी भागातील त्यांचे घर पाडले जाण्याची वेळ आली होती. लोकांनी आवाज उठवल्यावर ते वाचले आणि २०१६ मध्ये तेथे त्यांचे स्मृतिसंग्रहालय सुरू झाले. कावेरीकाठच्या ज्या पायऱ्या त्यांनी चित्रपटाच्या चमूला दाखवल्या, त्या मात्र 'गाईड'च्या पडद्यावर कधीच आल्या नाहीत. त्या पाहायच्या, तर आजही कादंबरीच उघडावी लागते.

शब्दार्थ

वाटाड्या – मार्ग दाखवणारा
कथाबीज – कथेची मूळ कल्पना
अनुष्ठान – विशिष्ट हेतूने केलेले धार्मिक कर्म
चमू – एकत्र काम करणाऱ्यांचा गट
पटकथा – चित्रपटासाठी दृश्यवार लिहिलेली कथा
अप्रूप – अपूर्वाई, नवल
परोपरीने – नाना प्रकारांनी
झिडकारणे – तिरस्काराने नाकारणे
चलबिचल – मनाची अस्थिरता

आपण काय शिकलात?

- 'द गाईड'ची मुळे म्हैसूरच्या मातीत आणि तेथील दुष्काळाच्या घटनेत आहेत.
- परदेशी प्रेक्षकासाठी केलेले स्थळाचे आणि प्रसंगांचे बदल इंग्रजी चित्रपटाला तारू शकले नाहीत. दोन दिग्दर्शकांतील मतभेदांमुळे निर्मितीही विस्कळीत झाली.
- हिंदी चित्रपटानेही बदल केले. पण कथेतील मध्यवर्ती प्रश्न त्याने सोडला नाही.
- रूपांतराचे मूल्यमापन करताना बदल किती झाले, यापेक्षा ते कशासाठी झाले, हे पाहावे.

भाषाभ्यास

पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.
१. पाठ फिरवणे २. मनात घर करणे ३. सूत्रे हलवणे ४. आवाज उठवणे

स्वाध्याय

१. 'वाट चुकलेला वाटाड्या' हे शीर्षक राजूला आणि चित्रपटाला कसे लागू पडते, ते सात-आठ ओळींत लिहा.
२. कादंबरी आणि हिंदी चित्रपट यांतील तीन फरक सांगा. त्यांपैकी कोणता बदल आपल्याला योग्य वाटतो? का?
३. या पाठातील बरीचशी हकिकत लेखक नारायण यांच्या दृष्टीने सांगितलेली आहे. निर्मात्याची बाजू मांडणारा दहा ओळींचा परिच्छेद लिहा.
४. आपल्या श्रमाची किंवा कलेची वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपवताना कोणत्या गोष्टी आधी लिहून घ्याव्यात, असे आपल्याला वाटते?

उपक्रम

कथा किंवा कादंबरीवर आधारित एखादा मराठी चित्रपट पाहा. मूळ पुस्तकातील एखादे प्रकरण वाचा. चित्रपटात काय गाळले, काय जोडले, याची दोन रकान्यांत नोंद करा आणि अभ्यासकेंद्रातील सहाध्यायींशी त्यावर चर्चा करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न १ : १. (अ) रेल्वे स्थानक (आ) १९५८. २. म्हैसूर परिसरातील दुष्काळात नगरपालिकेने कावेरीच्या कोरड्या पात्रात अकरा दिवसांचे अनुष्ठान योजले आणि बाराव्या दिवशी पाऊस पडला, या घटनेतून.

पाठगत प्रश्न २ : १. (अ) चूक (आ) चूक (इ) बरोबर. २. परदेशी प्रेक्षकाला राजवाडे, तलाव आणि भडक रंग यांचे आकर्षण वाटेल व चित्रपटाचा मोठा खर्च अमेरिकेतून वसूल होईल, असा निर्मात्यांचा विचार होता.